गावातले सगळेच मेजर

आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणतात. शिपाई म्हणून भरती झालेला, नाईक होऊन पेन्शनवर आलेला, पलटणीत स्वयंपाक करणारा, केस कापणारा, सगळे मेजर. एस.टी.त जागा देताना 'या मेजर', सोसायटीच्या निवडणुकीत 'मेजरांना विचारा', बांधाच्या भांडणात 'मेजर, तुम्ही तरी समजून घ्या'. माझे थोरले मामा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावानं त्यांना एका फटक्यात सहा-सात हुद्दे वर चढवलं आणि पुढची चाळीस वर्षं काहीही विचारलं नाही.

त्या एका शब्दात आदर आहे, हे मी नाकारत नाही. पण तो आदर झाकणासारखा बसतो. मेजर म्हटलं की माणूस ठरून जातो. मग तो कोणत्या पलटणीत होता, कुठल्या कडाक्यात झोपला, कशाला घाबरला, हे विचारायची गरज उरत नाही. सैनिकांचा मान कसा राखावा यावर आपण बरंच बोलतो. स्मारकं, चौकांची नावं, सत्कार, पेन्शन, सगळ्यावर वाद होतात आणि व्हायलाही हवेत. माझा मुद्दा त्याहून किरकोळ वाटेल असा आहे. सैनिकाला त्याच्या स्वतःच्या शब्दांत बोलू देणं आणि ते जसंच्या तसं टिपून ठेवणं, हे मानाचं पहिलं काम आहे, आणि तेच आपण करत नाही.

प्रजासत्ताक दिनाला शाळेत झेंडावंदन झालं की मामांना खुर्ची मिळायची, शाल आणि नारळ मिळायचा, आणि मुख्याध्यापक 'दोन शब्द' सांगायला उभं करायचे. मामा अक्षरशः दोनच वाक्यं बोलत. "देश आहे तर आपण आहोत. मुलांनो, व्यायाम करा." टाळ्या, मग लेझीम. एका वर्षी पाचवीतल्या एका पोरानं मध्येच विचारलं, "तुम्ही किती जण मारले?" गुरुजींनी डोळे वटारले. मामा हसून म्हणाले, "मी गाडी चालवायचो रे." पोराचा चेहरा पडला. तो पडलेला चेहरा मामांनी पुढे मला दोनदा वर्णन करून सांगितला. लागलं होतं त्यांना.

खरी गोष्ट त्यांनी सांगितली ती वीज गेलेल्या एका रात्री, अंगणात, कुणी विचारलं नसताना. १९७१ चं युद्ध, पूर्वेकडची आघाडी, आजच्या बांगलादेशातल्या जेसोरच्या पुढे कुठंतरी. रात्रभर दिवे न लावता चालवलेली शक्तिमान गाडी, म्हणजे फौजेचा ट्रक. पहाटे ताफा थांबला तेव्हा रस्त्याकडेला एक घर होतं, दार उघडं. आत चिटपाखरू नाही. चुलीवर भाताचं पातेलं. "वाफ नव्हती, पण हात लावला तर कोमट होतं," मामा म्हणाले. "आम्ही तिघं होतो. खाल्ला." मग बराच वेळ गप्प. आणि मग, "ज्यांनी शिजवला ती माणसं कुठं गेली असतील? आम्हाला बघून पळाली, का आधीच कुणी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते वाक्य ते तीस-पस्तीस वर्षं पुरं करत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं.

ही गोष्ट शाळेच्या मैदानावर सांगता येत नाही. तिच्यात पराक्रम नाही, हौतात्म्य नाही, शत्रूसुद्धा नाही. आहे ती भूक आणि तिच्यामागून आलेली लाज. व्यासपीठाला एकाच साच्यातली गोष्ट लागते, आणि ज्याच्याजवळ तशी नसते तो माणूस 'व्यायाम करा' म्हणून खाली बसतो. आपण समजतो, फौजी माणसं बोलत नाहीत. त्यांच्या अबोल्याचे तर आपण गोडवे गातो. मला वाटतं, त्यातला निम्मा अबोला त्यांचा आहे आणि निम्मा आपल्या न विचारण्याचा.

मामीकडे दुसरी बाजू होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी मनीऑर्डरची कुपनं जपली होती. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी चार ओळींची जागा असायची. पैसे घेतल्यावर तेवढा तुकडा घरात राहायचा. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे नंबर, नाव आणि 'मार्फत ९९ ए.पी.ओ.', म्हणजे लष्करी टपालघर. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. नवरा नकाशावर कुठं आहे ते त्या पत्त्यावरून कळत नसे, फक्त कुपनावरच्या तारखेपर्यंत तो होता एवढं कळे. मामींना वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा, ओट्यावर, चार बायका ऐकत असताना. त्यामुळे मामा कधी काही लिहायचेच नाहीत. 'सर्व ठीक. औषध आण. बाळूस शाळेत घाल.' नवरा-बायकोच्या मधल्या सगळ्या गोष्टी पोस्टमनच्या तोंडून जाणार असतील तर माणूस औषध आणि शाळा यांपलीकडे काय लिहिणार?

आणि हे काही मामांपुरतं नाही. शिपायाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून येण्याची आपली परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांतून हिंदी शिपायांनी घरी पत्रं पाठवली. कितीतरी जणांना लिहिता येत नव्हतं, म्हणून पलटणीतला कुणी लिहिणारा गाठून सांगावं लागे. ते पत्र लष्करी सेन्सॉरकडे जाई. सेन्सॉर त्यातले निवडक उतारे इंग्रजीत उतरवून आपल्या अहवालाला जोडी. आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ते अहवाल आहेत. मूळ पत्रं बहुतेक गेली. म्हणजे आपल्या माणसानं काय म्हटलं ते आज कळायचं तर परक्या भाषेत, सांगणारा, लिहिणारा, तपासणारा आणि भाषांतर करणारा अशा चार चाळण्यांतून. शिपायानं आईला नेमका कोणता शब्द वापरला होता, तो शब्दच राहिला नाही.

दगडांचंही तेच. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जुन्या गावांतून संगमरवरी पाट्या दिसतात. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. झालं. आकडे आहेत, नावं नाहीत. साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव आपल्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लावतं. त्या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अपशिंग्यात निदान गावाला ते ठाऊक आहे, घराघरांत ती परंपरा चालू आहे. बाकीच्या पाट्यांचं काय? आमच्या शेजारच्या गावात अशी एक पाटी चावडीच्या भिंतीत आहे. दोन वर्षांपूर्वी भिंतीला रंग देताना तिच्यावरूनही रंग फिरवला. रंगाऱ्याला दोष देत नाही. आकड्याला कोण ओळखतं?

इराकमधल्या बसऱ्याचं स्मारक याचंच मोठं रूप. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा इथं तिला वेढा पडला. उपासमार अशी की घोडे मारून खायची वेळ आली, आणि कितीतरी हिंदी शिपाई धर्मापायी ते मांस खायला बरेच दिवस कचरले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत हजारो मेले. या मोहिमेतल्या मृतांसाठी बसऱ्याला जे स्मारक उभं राहिलं त्यावर गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीखालचा आकडा आला. युद्धातल्या मृतांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की पहिल्या महायुद्धातले निदान ४५,००० ते ५४,००० मृत, मुख्यतः हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन, असमान रीतीनं स्मरले गेले, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचं, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतचं, नावानं किंवा मुळीच स्मरण झालं नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. बातमी आपल्याकडेही आली आणि दोन दिवसांत विरली. साम्राज्यानं केलेल्या उपेक्षेवर राग येणं सोपं आहे. रंग फासलेल्या पाटीवर राग येत नाही, कारण तो स्वतःवर काढावा लागतो.

शोधलं तर सापडतं, हेही खरं. लाहोरच्या संग्रहालयात पहिल्या महायुद्धात गेलेल्या पंजाबी सैनिकांच्या नोंदवह्या पडून होत्या, सुमारे ३,२०,००० माणसांच्या, गाववार. २०२१ मध्ये त्यातला पहिला भाग संगणकावर आला आणि ब्रिटनमधल्या पंजाबी घरांतल्या नातवंडांना आपले पणजोबा सापडू लागले. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी गावोगाव फिरून नावं लिहिली होती, म्हणून हे झालं. भावनेनं झालं नाही, वहीनं झालं.

आता एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो गंभीर आहे. सैनिकी आठवणी गोळा करणं म्हणजे युद्धाचा उदोउदो, असं मानणारे माझे मित्र आहेत. मला ते पटत नाही, पण कारण त्यांना वाटतं तसं देशभक्तीचं नाही. उदोउदो व्यासपीठावर होतो. अंगणात सांगितलेल्या गोष्टींत कोमट पातेलं असतं. ज्यांनी युद्ध पाहिलं त्यांना नीट बोलू दिलं तर युद्धाची हौस सर्वात आधी त्यांच्याच बोलण्यानं उतरते. टीव्हीवर रोज संध्याकाळी युद्ध मागणाऱ्यांत माझ्या ओळखीचा एकही ड्रायव्हर नाही.

आठवणीला आणखी एक पैलू आहे, तो शहरी मध्यमवर्गाला सहसा दिसत नाही. काही समाजांसाठी फौजेतली नोकरी ही अभिमानाच्याही आधी माणूसपणाची कागदोपत्री साक्ष होती. महार समाजातले हजारो लोक कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात होते. १८९० च्या दशकात, ठरावीक जमातीच लढवय्या असतात या इंग्रजांच्या 'लढाऊ जमाती'च्या खुळापायी त्यांची भरती बंद झाली. तेव्हा गोपाळ बाबा वलंगकर या पेन्शनर फौजीनं सरकारकडे अर्जाची लढाई सुरू केली. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी ती चालवली. या अर्जांचं बळ कशात होतं? आमच्या वाडवडिलांनी कुठे कुठे चाकरी केली, या आठवणीत. १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या स्तंभापाशी गेले ते दगड बघायला गेले नव्हते. त्या दगडावर महार शिपायांची नावं कोरलेली होती. घरातली आठवण लिहून ठेवली तर ती उद्या हक्काचा पुरावा होऊ शकते, हे त्या लोकांनी आपल्या कितीतरी आधी ओळखलं होतं. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी ही गोष्ट शिकवावी लागली नसणार.

पुराव्याची गोष्ट निघालीच आहे तर, 'आठवणी राहू द्या, आधी पेन्शनचं बघा' असं म्हणणाऱ्यांसाठी मामीचं उदाहरण देतो. मामा गेले तेव्हा फौजेच्या कागदांवर बायको म्हणून मामीचं माहेरचं नाव होतं. लग्नात नाव बदललं होतं, आधार कार्डावर नवं नाव, आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्या नोंदींच्या फौजी कागदात, जुनंच. दोघी एकच बाई आहेत हे सिद्ध करायला चौदा महिने गेले. दर खेपेला एक नवा कागद. शेवटी उपयोगी पडलं काय, तर त्या डब्यातली कुपनं, कारण त्यांतल्या दोनांवर मामांनी बायकोचं दोन्ही नावांनी नाव लिहिलं होतं. ज्यांना बायकी हळवेपणा म्हणून हसत होतो ते कागद एका दुपारी टेबलावर ठेवले आणि समोरचा बाबू पहिल्यांदा सरळ बसला.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या बऱ्याच जणांना तर पेन्शनही नव्हती. लढाई संपली, फौज कमी केली, माणसं घरी धाडली. २५ लाखांचं ते हिंदी सैन्य होतं. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे, माणगावजवळच्या पळसगावचे, १० जुलै १९४४ ला इटलीत एकटे उरलेले असताना मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. वय २२. त्यांचं नाव इटलीत कसिनोच्या स्मारकावर आहे, माणगावात पुतळा आहे. ते योग्यच आहे. पण त्यांच्या तुकडीतले जे जखमी होऊन परत आले आणि रायगडात-साताऱ्यात भात-भाकरी पिकवत म्हातारे झाले, त्यांनी इटलीतल्या त्या डोंगरांबद्दल सुनांना काय सांगितलं? त्यांना बोलतं करायची वेळ आता टळून गेली आहे. १९४५ मध्ये अठरा वर्षांचा असलेला शिपाई आज शंभरीला टेकला असता. १९७१ मध्ये विशीत असलेले पंचाहत्तरीच्या घरात आहेत. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचं तिकीट छातीला लावायला दहा सेकंद लागतात. या माणसांपाशी बसायला एक दुपार लागते.

काय करावं, तर ते फार अवघड नाही, आणि त्याला सरकारी योजना काढली तर तिचं उद्घाटनच आधी होईल, म्हणून घरापासून सुरुवात केलेली बरी. फोनवर ध्वनिमुद्रण करावं आणि माणसाला त्याच्या बोलीत बोलू द्यावं, शुद्ध करायला जाऊ नये. 'किती मारले' आणि 'भीती वाटली का' हे दोन्ही प्रश्न निरुपयोगी आहेत. पहिल्यानं माणूस मिटतो, दुसऱ्यानं खोटं बोलतो. झोपायला कुठं मिळायचं, पत्र कोण लिहून द्यायचं, शेजारच्या खाटेवर कुठल्या मुलखाचा माणूस होता, सुट्टीवर येताना रेल्वेत काय व्हायचं, असं विचारावं. मामांना नातवंडांची नावं घेताना अडखळायला व्हायचं, पण ७१ च्या गाडीचा नंबर ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. डिस्चार्ज बुक पेटीत असतंच, त्यातली पानं फोटो काढून शेजारी ठेवावी. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या असतात, तशी एक वही गावातून फौजेत गेलेल्यांची असायला कुणाची हरकत आहे? नाव, पलटण, गेल्याचं वर्ष, आल्याचं वर्ष, आणि न आलेल्यांचंही. स्वयंपाकी, न्हावी, ड्रायव्हर वगळायचे नाहीत. त्या वहीत घरच्या बाईचं नाव दोन्ही प्रकारे लिहावं, एवढी अनुभवाची सूचना.

आणि कुणी नको म्हटलं तर तिथेच थांबावं. एकदा विचारावं, दाराशी बसून राहू नये. बोलणं हा त्यांचा हक्क आहे, तसा न बोलणं हाही.

आठवणी चुकतात, हेही गृहीत धरावं लागतं. भाताची गोष्ट मामा नेहमी 'दिवाळीच्या आसपासची' म्हणत. जेसोर भारतीय फौजेच्या हाती आलं ते ७ डिसेंबरला, आणि १९७१ ची दिवाळी ऑक्टोबरातच होऊन गेली होती. मी एकदा हे कॅलेंडर काढून त्यांना दाखवायला निघालो होतो. नशीब, मामींनी अडवलं. त्या वर्षी घरात दिवाळी झालीच नव्हती, त्या म्हणाल्या, तो जिवंत आहे की नाही ते कळायच्या आत कोण पणत्या लावतो? डिसेंबरात पत्र आलं तेव्हा सासूबाईंनी पणती लावली. मामांना ती दिवाळी घरून कळवली गेली असणार आणि तीच त्यांच्या डोक्यात त्या भाताशेजारी जाऊन बसली. तारीख चुकीची निघाली, तरी मी ती वहीत दुरुस्त केली नाही. समोर खरी तारीख लिहून ठेवली.

मामांचं बोलणं माझ्याकडे नाही. त्या रात्री खिशात फोन होता, पण तो काढला तर ते थांबतील अशी भीती वाटली. मामींचं मात्र चाळीस मिनिटांचं आहे. त्यात मी विचारतोय की तुम्ही त्यांना उलट काय लिहून पाठवायचात. "आम्ही काय लिहिणार? गुरुजींना सांगायचं, सर्व ठीक लिहा. म्हैस मेली तेव्हाही सर्व ठीक. बाळूला गोवर आला तेव्हाही." मग थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज आहे. आणि मग त्या विचारतात, "हे लागतं होय रे तुला?"